प्रवाळ जलजीवालय : कॅल्शियम व क्षारता राखण्याच्या पद्धतींचा इतिहास

प्रवाळ जलजीवालय म्हणजे उष्ण कटिबंधीय समुद्रात शैलभित्ती बांधणारे प्रवाळ, त्यांच्या सान्निध्यात राहणारे मासे, शैवले व अन्य अपृष्ठवंशी प्राणी काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याची व्यवस्था होय. केवळ मासे पाळण्याच्या जलजीवालयाहून तिची गरज एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. माशाला पाणी स्वच्छ, पुरेशा ऑक्सिजनाचे व योग्य तापमानाचे मिळाले की भागते. कठीण प्रवाळ मात्र आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटाचा बनवितो आणि त्याचे दोन्ही घटक सभोवतालच्या पाण्यातून उचलतो. समुद्रात हा साठा व्यवहारतः अक्षय असतो. टाकीत तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत सरतो. काय सरते, किती वेगाने सरते आणि ते परत कसे भरावे, हे समजण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. [⟶ जलजीवालय, प्रवाळ].

लवणता हजारी ३५ असलेल्या सागरी पाण्याच्या एका लिटरात सु. ४१० मिग्रॅ. कॅल्शियम व सु. १,२८० मिग्रॅ. मॅग्नेशियम असते आणि क्षारता सु. २.३ मिलितुल्यांक (जर्मन मापनपद्धतीने सु. ६.५ अंश) भरते. क्षारता म्हणजे अम्लाला निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता; सागरी पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेट व कार्बोनेट या आयनांमुळे येते. ‘क्षार’ हा शब्द मराठीत मीठ या अर्थीही रूढ असल्याने क्षारता व लवणता यांची गल्लत होण्याचा संभव असतो. पाणी समुद्राइतकेच खारट असूनही त्याची क्षारता निम्म्याने घटलेली असू शकते आणि ते चवीवरून किंवा घनतामापकावरून कळत नाही.

प्रवाळ सांगाडा बांधतो तेव्हा दर लिटरमागे १ मिलितुल्यांक क्षारतेबरोबर सु. २० मिग्रॅ. कॅल्शियम खर्च होते. हे प्रमाण ठरलेले आहे, कारण ते कॅल्शियम कार्बोनेटाच्या रासायनिक घडणीतूनच येते. त्याचा परिणाम मात्र सहज ध्यानात येत नाही. २०० लि. पाण्याच्या टाकीत एकूण ८२ ग्रॅ. कॅल्शियम असते व त्यापासून सु. २०५ ग्रॅ. सांगाडा बनू शकेल. पण त्याच पाण्यातील सर्व क्षारता वापरली, तरी ती फक्त २३ ग्रॅ. सांगाड्याला पुरेल. प्रत्यक्षात क्षारता अर्ध्यावर येण्यापूर्वीच प्रवाळाची वाढ मंदावते. याचा अर्थ, प्रवाळाची उपासमार प्रथम कॅल्शियमाची नसून कार्बोनेटाची होते. जलजीवालयाच्या इतिहासातील बरेच गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे निर्माण झाले.

प्रारंभीचे प्रयत्न : प्रवाळ घरात पाळण्याचा पहिला यशस्वी प्रयोग ॲना थिन या इंग्लिश महिलेने केला. १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून तिने पेल्याच्या आकाराचे, एकएकटे वाढणारे प्रवाळ लंडनला आणले व काचेच्या भांड्यात ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीजवळ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतीत असे. पुढील वर्षी थिनने पाण्यात समुद्रशैवले घातली आणि हे कष्ट पुष्कळसे वाचले. तिचे प्रवाळ जगले, त्यांना पिलेही झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती व प्राणी यांच्या परस्परपूरकतेचे तत्त्व गोड्या पाण्याच्या टाकीत सिद्ध केले. या दोघांच्या प्रयोगांतून ‘समतोल जलजीवालय’ ही कल्पना रूढ झाली. तीत समतोल मानला गेला तो ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचा. चुन्याचा विचार नव्हता. थिनचे प्रवाळ थंड पाण्यातील व सावकाश वाढणारे असल्याने त्याची उणीवही जाणवली नाही.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी फिलिप हेन्री गॉस या निसर्गवैज्ञानिकाने १८५४–५५ च्या सुमारास कृत्रिम सागरी पाण्याचे सूत्र दिले. त्यात खाण्याचे मीठ, एप्सम लवण, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड ही चारच लवणे होती. कॅल्शियम सल्फेट कमी विद्राव्य म्हणून त्याने वगळले. कॅल्शियम कार्बोनेट अत्यल्प असते आणि तळाशी टाकलेल्या शिंपल्यांच्या व प्रवाळांच्या तुकड्यांतून ते पाण्यास मिळेल, असे गृहीत धरून तेही सोडले. अशा रीतीने प्रवाळाला ज्याची सर्वाधिक गरज, तेच द्रव्य पहिल्या सूत्रात नव्हते. लंडनचे पाणी दुष्फेन असल्यामुळे ही उणीव थोडीफार झाकली गेली असावी.

गॉसचा तर्क वरवर पाहता पटण्यासारखा आहे व तो पुढे शतकभर टिकला. तळाला प्रवाळवाळू पसरली किंवा गाळणीत शिंपल्यांचा चुरा भरला की कॅल्शियमाची चिंता मिटते, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही मानले जाई. वस्तुतः उष्ण समुद्राचे पृष्ठजल ॲरॅगोनाइटाच्या (प्रवाळाचा सांगाडा ज्या स्फटिकरूपाचा असतो त्या कॅल्शियम कार्बोनेटाच्या) बाबतीत तिपटीहून अधिक अतिसंपृक्त असते. अशा पाण्यात चुनखडीचा खडा विरघळू शकत नाही. उलट पाण्यातील चुनाच त्याच्यावर बसू पाहतो. तो झपाट्याने बसत नाही, याचे श्रेय मॅग्नेशियमाला आहे. मॅग्नेशियमाचे आयन वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर शिरून त्याची वाढ रोखतात.

सागरी पाण्याचे घटक सर्वत्र जवळजवळ ठराविक प्रमाणात असतात, हे विल्यम डिटमार याने ‘चॅलेंजर’ सफरीत (१८७२–७६) गोळा केलेल्या ७७ नमुन्यांच्या विश्लेषणावरून १८८४ मध्ये दाखविले. खोल पाण्यात कॅल्शियम किंचित अधिक भरते, हा अपवादही त्याला आढळला होता. वरच्या थरातील जीव चुना उचलतात आणि त्यांची कवचे खोलवर जाऊन विरघळतात, त्याचा हा पुरावा होय. महासागरात जो फरक जेमतेम मोजता येतो, तोच टाकीत थोड्या काळात विकोपास जातो, हा धागा जलजीवालय बांधणाऱ्यांनी मात्र उचलला नाही.

वाहते पाणी व नैसर्गिक पद्धती : समुद्राचे पाणी सतत आत घेऊन बाहेर सोडता येत असेल, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. न्यू कॅलिडोनियात नूमेआ येथे रने काताला याने १९५६ मध्ये सुरू केलेल्या जलजीवालयात जिवंत प्रवाळ दीर्घकाळ टिकले, ते अशा वाहत्या पाण्यामुळे. जाकार्ता येथील ली चिन एंग याने १९६१ मध्ये आपल्या ‘निसर्गपद्धती’ची माहिती प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले सजीव खडक, नैसर्गिक पाणी, भरपूर प्रकाश व हवेचे बुडबुडे एवढ्यावर तो प्रवाळ जगवीत असे. समुद्र जवळ असल्याने पाणी बदलणे त्याला अवघड नव्हते. हीच पद्धत यूरोप-अमेरिकेतील हौशी लोकांनी उचलली, तेव्हा खडकांवरील जीव टिकत, मऊ प्रवाळही वाढत. पण कठीण प्रवाळ काही महिन्यांत खंगून मरत. दोष प्रकाशाला, अन्नाला किंवा नायट्रेटाला दिला जाई.

लायमन व फ्लेमिंग यांनी १९४० मध्ये प्रयोगशाळांसाठी दिलेल्या सूत्रात कॅल्शियम क्लोराइड व सोडियम बायकार्बोनेट या दोहोंना स्थान होते. त्यामुळे कृत्रिम पाणी आरंभी तरी पुरते असे. उणीव होती ती रोजच्या भरपाईची.

चुन्याची निवळी : या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर स्वित्झर्लंडमधील पेटर व्हिल्केन्स याने लोकप्रिय केले. उष्ण कटिबंधीय जलजीवालयातील अपृष्ठवंशी प्राण्यांवरील त्याचे जर्मन पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. टाकीतून रोज वाफ होऊन उडणाऱ्या पाण्याच्या जागी साधे गोडे पाणी न घालता चुन्याची निवळी घालावी, असे त्याने सुचविले. विरी गेलेला चुना पाण्यात कालवून न विरघळलेला भाग खाली बसू दिला की वरचे नितळ द्रावण म्हणजे ही निवळी. महाराष्ट्रातील घरांत ती औषध म्हणून पूर्वापार परिचित आहे.

या उपायाचे मर्म असे आहे की, निवळीत कॅल्शियम व हायड्रॉक्साइड यांखेरीज काहीही नसते. हायड्रॉक्साइड टाकीतील कार्बन डाय-ऑक्साइडाशी संयोग पावून त्याचे बायकार्बोनेट बनते. परिणामतः कॅल्शियम व क्षारता नेमक्या त्याच प्रमाणात मिळतात, ज्या प्रमाणात प्रवाळ त्या खर्च करतो आणि मागे कोणतेही परके लवण साचत नाही. एका लिटर संपृक्त निवळीत सु. १.५ ग्रॅ. चुना, म्हणजे सु. ८०० मिग्रॅ. कॅल्शियम व ४० मिलितुल्यांक क्षारता असते. २०० लि. च्या टाकीतून दिवसाला ४ लि. पाणी उडत असेल व ती सर्व तूट निवळीने भरली, तर दर लिटरमागे ०.८ मिलितुल्यांक क्षारता व १६ मिग्रॅ. कॅल्शियम यांची भर पडते. मध्यम वाढीच्या प्रवाळांना एवढे पुष्कळ झाले.

पद्धतीची मर्यादाही याच हिशेबात दडलेली आहे. जेवढे पाणी उडेल तेवढीच निवळी घालता येते. प्रवाळ वाढून मोठे झाले की त्यांची भूक बाष्पीभवनाच्या पुढे जाते. दमट हवेत किंवा झाकलेल्या टाकीत ती लवकरच अपुरी पडते. शिवाय संपृक्त निवळीचे पीएच मूल्य १२ हून अधिक असल्याने ती थेंबाथेंबाने घालावी लागते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड साठतो, म्हणून रात्रीची वेळ सोयीची ठरते. तरंगता गोळा अडकून सारी निवळी एकदम टाकीत उतरल्यास पीएच मूल्य भडकते, पाणी दुधासारखे पांढरे होते व प्राणी दगावतात. निवळीचे भांडे उघडे राहिले, तर हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे तिच्यावर कॅल्शियम कार्बोनेटाची साय धरते व तितकी तिची शक्ती कमी होते. चुना गरम पाण्यापेक्षा थंड पाण्यात अधिक विरघळतो, ही गोष्टही पुष्कळांना उलटी वाटते.

बर्लिनमधील हौशी मंडळींनी, विशेषतः डीट्रिख श्ट्यूबर याने, सजीव खडक, पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये फेसाबरोबर काढून टाकणारे नळकांडे, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी यांची सांगड घातली. ही ‘बर्लिन पद्धत’ होय. श्ट्यूबरच्या टाकीत वाढलेल्या ॲक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्या तोडून त्याने इतरांना दिल्या व त्यांपासून यूरोपभर नवी झाडे वाढली. समुद्रातून आणलेला प्रवाळ जगविणे वेगळे आणि टाकीतच त्याची पैदास करणे वेगळे. या पुढच्या पायरीवर पाऊल पडले ते चुन्याचा हिशेब जुळल्यावर.

कॅल्शियमाचा आग्रह व क्षारतेचा विसर : अमेरिकेत ‘छोटी शैलभित्ती’ ही कल्पना जॉर्ज स्मिट याच्या १९८६ च्या लेखमालेमुळे पसरली. त्यातील ठिबक-गाळण्यांत सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्रेट करीत. हे काम त्या उत्तम करीत, परंतु त्या क्रियेत अम्ल निर्माण होऊन क्षारता खर्च होते. म्हणजे एका बाजूने प्रवाळ व दुसऱ्या बाजूने गाळणी अशी दुहेरी ओढ एकाच साठ्यावर पडे. टाकीवाल्याचे लक्ष मात्र कॅल्शियमाकडे होते. प्रवाळाचा सांगाडा ‘कॅल्शियमाचा’ ही समजूत आणि कॅल्शियम मोजण्याचे सोपे अनुमापन संच बाजारात मिळू लागणे, ही त्याची कारणे. आकडा थोडा उतरला की कॅल्शियम क्लोराइड ओतले जाई. कॅल्शियम ५०० च्या वर जाई, तरी प्रवाळ वाढत नसे. मग घाईने सोडा घातला, की दोन्ही एकदम चढून पाण्यात हिमवर्षावासारखा साका पडे आणि कॅल्शियम व क्षारता दोन्ही खाली कोसळत. मॅग्नेशियम कमी असलेल्या टाकीत हा प्रकार अधिकच लवकर घडे. अनेकांनी यावरून पाण्याचा ‘समतोल’ साधणे ही गूढ विद्या असल्याचा निष्कर्ष काढला. त्यात गूढ काहीही नव्हते. एका खात्यावरच्या दोन रकमांपैकी लहान रक्कम कोणी पाहत नव्हते, इतकेच.

फ्रान्समधील झां झोबेर याने १९८० नंतरच्या दशकात निराळा मार्ग शोधला. त्याने तळाशी मोकळे पाणी ठेवून त्यावर जाळी व तिच्यावर प्रवाळवाळूचा जाड थर दिला. थराच्या आतील ऑक्सिजनविरहित भागात पीएच मूल्य उतरते आणि वाळू थोडी विरघळते. मोनाको येथील सागरविज्ञान संग्रहालयात ही पद्धत वापरण्यात आली. गॉसची जुनी अपेक्षा येथे प्रथमच अंशतः खरी ठरली, कारण विरघळण्यास लागणारे अम्ल वाळूच्या पोटातच तयार होत होते.

ती पूर्णत्वास नेली ‘कॅल्शियम विक्रियकाने’. ड्युसेलडॉर्फ येथील लॉबेके संग्रहालयाच्या जलजीवालयातील रोल्फ हेबिंगहाउस याच्या नावाशी हे साधन निगडित आहे. १९९० नंतरच्या दशकात त्याचा प्रसार झाला. बंद नळकांड्यात मृत प्रवाळांचे तुकडे भरून त्यांमधून टाकीचे पाणी खेळवितात व त्यात कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. पीएच मूल्य ६.५ च्या आसपास आले की तुकडे विरघळू लागतात व कॅल्शियम-बायकार्बोनेटयुक्त पाणी थेंबाथेंबाने टाकीत परतते. जुन्या प्रवाळाचा सांगाडा विरघळवून नव्याचा बांधण्याची ही युक्ती बाष्पीभवनावर अवलंबून नाही, म्हणून मोठ्या टाक्यांना ती मानवली. उरलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे टाकीचे पीएच मूल्य उतरते, हा तिचा दोष. पुष्कळ ठिकाणी विक्रियक व निवळी ही दोन्ही एकमेकांचे दोष झाकण्यासाठी जोडीने वापरतात.

याच सुमारास हान्स-व्हेर्नर बालिंग याने कॅल्शियम क्लोराइड व सोडियम बायकार्बोनेट यांची दोन वेगळी द्रावणे समप्रमाणात घालण्याची पद्धत मांडली. तीत मागे सोडियम व क्लोराइड, म्हणजे साधे मीठच साचते. म्हणून मीठ वगळून केलेले सागरी लवणांचे तिसरे मिश्रण त्याने जोडीला दिले. त्यामुळे साचणारा अवशेष हा पुन्हा सागरी पाण्याच्याच प्रमाणाचा राहतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली याने २००६ मध्ये रस्त्यावरचे बर्फ वितळविण्यासाठी विकले जाणारे कॅल्शियम क्लोराइड व स्वयंपाकाचा खाण्याचा सोडा वापरून अशीच स्वस्त कृती प्रसिद्ध केली व तिचे रसायनशास्त्र सामान्य वाचकाला समजेल असे मांडले. सोडा भट्टीत तापवून त्याचे कार्बोनेट केल्यास पाण्याचे पीएच मूल्य वाढते. न तापविल्यास किंचित उतरते. टाकीच्या गरजेनुसार दोहोंतून निवड करता येते. पुढे लहान विद्युत् पंपांनी ही द्रावणे दिवसभर थोडीथोडी सोडण्याची सोय झाली. घरगुती टाक्यांत सामान्यतः कॅल्शियम ४०० ते ४५० मिग्रॅ. व क्षारता ७ ते ११ जर्मन अंश यांदरम्यान राखतात. आकडा मर्यादेत कोठेही असला तरी चालतो. तो दिवसेंदिवस स्थिर असणे अधिक महत्त्वाचे असते.

सागरविज्ञानाशी संबंध : टाकीवाल्यांचे हे प्रयोग व शास्त्रीय संशोधन बराच काळ समांतर चालले. टॉमस गोरो याने १९५९ मध्ये किरणोत्सर्गी कॅल्शियम–४५ वापरून प्रवाळ अंधारापेक्षा प्रकाशात अधिक वेगाने चुना बसवितो, हे मोजून दाखविले होते. तथापि पाण्याच्या अतिसंपृक्ततेवर हा वेग किती अवलंबून असतो, याकडे १९९० नंतरच लक्ष गेले. झां-प्येर गातूझो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्टायलोफोरा प्रवाळाभोवतीच्या कृत्रिम पाण्यातील कॅल्शियम बदलून पाहिले. ॲरॅगोनाइटाची संपृक्तता सु. एकपटीवरून चौपटीजवळ नेली तेव्हा चुना बसण्याचा वेग जवळजवळ तिप्पट झाला.

ॲरिझोना राज्यातील ‘बायोस्फिअर २’ या बंदिस्त काचगृहात सु. २६ लाख ५० हजार लि. चा कृत्रिम समुद्र होता. १९९१–९३ मध्ये माणसे आत राहत असताना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड फार वाढला व प्रवाळ वाचविण्यासाठी त्या पाण्यात कार्बोनेट व बायकार्बोनेट घालावे लागले. घरच्या टाकीतील उपाय येथे प्रचंड प्रमाणावर योजला गेला. पुढे ख्रिस लँग्डन व सहकाऱ्यांनी त्याच जलाशयातील रसायने हेतुपुरस्सर बदलून २००० मध्ये असा अंदाज वर्तविला की, १८८० ते २०६५ या काळात वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या वाढीमुळे शैलभित्तींचे चुना बसविण्याचे प्रमाण सु. ४० टक्के घटेल.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. टाकीत क्षारता खर्च होऊन संपते. महासागरात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळल्याने एकूण क्षारता बदलत नाही, कॅल्शियमही तेवढेच राहते. बदलते ती वाटणी. कार्बोनेट आयन घटून बायकार्बोनेट वाढतात व पाणी पूर्वीइतके अतिसंपृक्त राहत नाही. औद्योगिक युगापूर्वी पृष्ठजलाचे पीएच मूल्य सु. ८.२ होते, ते आता सु. ८.१ वर आले आहे. प्रवाळाच्या दृष्टीने परिणाम सारखाच. मात्र टाकीत चमचाभर सोडा जे करतो, ते समुद्रात करण्याचा सोपा उपाय नाही.

टाकीतील पैदाशीचे महत्त्व यामुळे वाढले आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१३ मध्ये प्रवाळांचे प्रजनन बंदिस्त टाकीत ठरवून घडवून आणण्यात यश आले. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लॉरिडाजवळचा समुद्र असह्य तापला, तेव्हा तेथील रोपवाटिकांमधील प्रवाळ उचलून जमिनीवरील टाक्यांत हलवावे लागले.

भारत : मुंबईत १९५१ मध्ये उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात सागरी जीव होते, पण भर माशांवर होता. मन्नारच्या आखातात प्रवाळ खणून त्यांचा चुना भाजण्याचा धंदा दीर्घकाळ चालला. ज्या चुन्याने बर्लिनमध्ये प्रवाळ वाढविले, तोच येथे प्रवाळ जाळून मिळविला जात होता. २००१ मध्ये शैलभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. त्यामुळे मालवणच्या खडकांवरील, लक्षद्वीपमधील किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेस समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळ तोडून घरच्या टाकीत आणणे हा गुन्हा ठरतो. मालवण येथील सागरी अभयारण्य १९८७ पासून अस्तित्वात आहे.